अठ्ठावीस आठवड्यांची

अवसरी बुद्रुक,
४ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. अक्कास चिमाजीचा सा. न. वि. वि.

घाटघरला फोन लागत नाय, म्हणून एसटीच्या ड्रायव्हरकडं ही चिठ्ठी देतोय. घाबरू नकोस. तुझ्या लेकीला, संस्कृतीला डोहाळजेवणाला आणली अन् काल सकाळीच कळा सुरू झाल्या. मंचरला नेली. मुलगी झाली. माझ्या तळव्याएवढी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, अठ्ठावीस आठवड्यांची आहे, बाहत्तर तास काही सांगता येत नाही. संस्कृती बरी आहे. मी अन् जावई दाराबाहेर बसून असतो. दुसरं काय करणार? दाजींना आत्ताच सांगू नको.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा, चिमाजी

घाटघर,
५ फेब्रुवारी

चि. चिमाजीस अ. उ. आ.

डॉक्टर आठवडे कशापायी सांगतात? म्या बोटांवर मोजलं. चार आठवड्यांचा महिना, म्हंजी सात भरले की! सातव्या महिन्याचं लेकरू जगतं. तू बी सातव्यातलाच, आता पाच भाकरी खातोस. बाहत्तर तास म्हंजी तीनच दिस, असं सांग तिला. लकव्यानं ह्यांना कूस बदलता येत नाय, टाकून निघू कशी? चुलीपासून दारापर्यंत नुसती येरझारा घालते.

कळवत जा रे बाबा.
तुझी अक्का

अवसरी बुद्रुक,
८ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझा हिशोब डॉक्टरांना सांगितला. ते म्हणाले, महिना चार आठवड्यांहून मोठा असतो. तुमची नात साडेसहाचीच, फुफ्फुसं कच्ची. संस्कृतीला मी ते सांगितलं नाय. तुझं पत्र तेवढं वाचलं. पाच भाकरी ऐकून हसली. पेटीत बोट घातलं, पोरीनं ते धरलं. तीन दिवस निघाले. जावई बर्फी आणायला निघाले व्हते.

अक्का, काल पहाटे मशीन चालूच व्हतं अन् तिचा श्वास थांबला.

सात भरले व्हते ना मामा, मग माझं काय चुकलं, असं संस्कृती सारखं विचारते. डॉक्टर म्हणतात, दोन आठवड्यांत ती हिंडूफिरू लागेल. काय करू ते तूच सांग.

तुझा, चिमाजी

घाटघर,
९ फेब्रुवारी

चि. चिमाजीस आशीर्वाद.

ह्यांना सांगितलं. पडल्या पडल्या माझा पदर धरला, सोडंनात.

तिला खरं सांग. साडेसहाच व्हते म्हणावं, तुझं काय बी चुकलं नाय, तुझ्या आईची बोटं चुकली. अन् जावयांना विचारून तिला इकडं घेऊन ये. दोन आठवडे डॉक्टरांचे. पाळणा हलला नाय तरी बाळंतीण ती बाळंतीण. सव्वा महिना मी तिला खाटेखाली उतरू द्यायची नाय.

शेगडी पेटवून ठेवते. सांभाळून आणा.
अक्का