तीन कुकारे

कसाल,
गुरुवार, १९ जून २०२५

किशोरीअक्का,

सर्वेशचा नमस्कार. पाकिटाच्या मागे मुद्दाम नाव घातलं नाही, नाहीतर आपल्या पोस्टमनने ते वाडीभर दाखवत आणलं असतं. अक्षर ओळखून फाडावंसं वाटलं तर फाड, पण आधी शेवटचं पान वाच.

सुगंधाकाकींचा गुडघा कसा आहे? त्यांच्या विधवा पेन्शनच्या फॉर्मचं मी रोज बघतो. अजून ‘छाननी सुरू’ असंच दाखवतंय. काळजी करू नको, सगळ्यांचं महिनाभर तेच दाखवतं. रेशनकार्डाची झेरॉक्स अंधुक आली होती, ती पुन्हा स्कॅन करून चढवली. तुला परत कसालपर्यंत खेप मारायला नको.

इथे लाईट दिवसातून चारदा जाते. गेली की कॉम्प्युटर बंद, प्रिंटर बंद, माणसं शिव्या घालत चहाला जातात, आणि मी पाठकोऱ्या कागदांवर लिहायला बसतो. आता तसाच बसलोय.

तू दुकानात आलीस तेव्हा मी तिथे असेन हे तुला माहीत नव्हतं ना? तुझ्या तोंडावर दिसलं. मी पण टेबलाखाली घुसायचाच बाकी होतो. चार वर्षं झाली मला इथे. लोकांचे फॉर्म भरतो. नोकरीचे, दाखल्यांचे, कॉलेजच्या प्रवेशाचे. सगळ्या फॉर्मांत खाली कुठेतरी एक प्रश्न असतो, ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे काय?’ सुरुवातीला मी तो प्रामाणिकपणे विचारायचो. एका म्हातारीला विचारलं, "आजये, तुका कधी शिक्षा झाली?" तर म्हणते, "झाली मगे. लग्नाक चाळीस वर्सां झाली." सगळं दुकान हसलं. तेव्हापासून विचारणं सोडलं. समोरच्याचं तोंड न बघता ‘नाही’ वर टिचकी मारतो आणि पुढे जातो.

मागच्या महिन्यात स्वतःचा फॉर्म भरायला घेतला. बी.ए. मी तुरुंगात सुरू केली आणि बाहेर येऊन पुरी केली, हे तुला कुणी सांगितलं नसणार. आता समाजकार्याच्या पदवीला जायचं आहे, विद्यापीठात. आत असताना बराकीतल्या माणसांचे अर्ज मीच लिहायचो. कुणाला जामिनाचा, कुणाला आई वारली म्हणून रजेचा. ते काम मला जमतं, अक्का. आयुष्यात एवढंच नीट जमलंय. आणि हे दार बंद झालं तर दुसरं मला दिसत नाही.

तर फॉर्म भरत गेलो आणि त्या प्रश्नावर हाताने सवयीने ‘नाही’ दाबलं. पुढचं पान उघडल्यावर लक्षात आलं. मागे गेलो. शिक्षा भोगून संपली तरी प्रश्नात ‘कधी’ असा शब्द आहे, त्याला संपणं नाही. ‘होय’ दाबलं. ‘होय’ दाबलं की खाली एक चौकट उघडते, हे एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं, कारण मी कधी दाबलंच नव्हतं. कलम काय, शिक्षा किती, आणि घटनेचं थोडक्यात वर्णन, तीनशे शब्दांत.

विद्यापीठात फोन केला. एक बाई होत्या, चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "समितीपुढे जाईल. तुम्ही पूर्वसूचना दिली होती असं निकालातच आहे ना? मग तेवढं ठळक लिहा. अपघात होता म्हणून घेतील." मी बरं म्हणून फोन ठेवला.

तीनशे शब्द लिहिले. बघ, अनोळखी माणसाला कळावं म्हणून कसं लिहावं लागतं. ‘आमच्या खाडीकाठच्या वाडीत भुईमुगावर रानडुकरं येतात. डुकरांचा माग दिसला की त्या दिवशी शेतकरी पंपाच्या लाईनवरून कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे. रोज सोडत नाहीत, म्हणून सोडण्याआधी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून तीन कुकारे, म्हणजे लांब हाका, घालायची पद्धत आहे. शेजारच्या घरातून "आयकलंय" असं उत्तर आलं की मगच बटण दाबायचं. १७ फेब्रुवारी २०१८ रोजी सायंकाळी मी, वय एकोणीस, वीज सोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे सुकती, म्हणजे ओहोटी, गाठून खाडीवर कुर्ल्या (खेकडे) धरायला जाताना शेजारी दाजी यांना तारेचा स्पर्श होऊन ते मरण पावले. त्यांना कमी ऐकू येत असे.’

इथपर्यंत लिहून थांबलो. पुढचं वाक्य मला पाठ आहे. वकिलाने पाठ करून घेतलं होतं.

लाईट आली. लोक परतले. उरलेलं उद्या.

शुक्रवार

काल रात्रभर पाकीट उशाला होतं. आज दुकान उघडायच्या आधी बसलोय.

तुला एक सांगायचं आहे, हसू नको. दाजी इथे येतात. तिन्हीसांजा झाल्या की. दुकानाबाहेर बाकडं आहे, त्याच्या टोकाला बसतात, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कुर्ल्यांची ती आकडी. बोलत नाहीत. रागावलेलेही नाहीत. कानामागे हाताचा पंजा धरून माझ्याकडे बघतात, आपण काही बोललो की धरायचे तसा. पहिल्यांदा मी घाबरून शटर पाडलं. आता रोजचे झालेत. गिऱ्हाईक त्यांच्या शेजारी बसतं, भजी खातं, त्याला काही नाही. मी मात्र त्या वेळात चुका करतो. परवा एकाची जन्मतारीख १७ फेब्रुवारी २०१८ टाकली. तो म्हणाला, "मी काय सात वर्षांचो आसंय?"

आणि तुझा आवाज. तो बाकड्यावरून नाही येत, लांबून येतो, तुमच्या खळ्यातून यायचा तसा. "आयकलंय रेऽऽ." एकदा तर मी मान वर करून ‘होय’ म्हटलं. रांगेतली माणसं बघत राहिली.

आता त्या दिवसाबद्दल. म्हणजे तू दुकानात आलीस त्या.

दाजींचा मृत्यूचा दाखला तू टेबलावर ठेवलास. तारखेच्या रकान्यात १८ फेब्रुवारी मी टाईप केली, तू बघत होतीस. मला वाटलं आता थुंकशील. थुंकली असतीस तर बरं झालं असतं, खरंच सांगतो. तू पावती घडी करून पिशवीत ठेवलीस, दारापर्यंत गेलीस, आणि परत आलीस. हळू म्हणालीस, "सर्वेश, त्या सांजेक मी मिक्सर लावलेलंय. तुजो कुकारो माका आयकाक येवक नाय. तुजी चूक नाय ती, माजी आसा." पुन्हा दाराकडे वळता वळता म्हणालीस, "त्या दिसापासून मिक्सर माळ्यार आसा. वाटाप पाट्यार वाटतंय." आणि गेलीस.

मी खुर्चीत बसून राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "नंबर माझा की नाय?" मी त्याचा फॉर्म भरला. त्याच्या मागच्याचाही भरला. संध्याकाळी दाजी आले, पंजा कानामागे. त्या दिवशी मला कळलं ते कशाची वाट बघतात.

कोर्टात माझ्या वकिलाने तुला विचारलं होतं ते मला शब्दान्‌शब्द आठवतं. "वडिलांना कमी ऐकू यायचं, खरं का?" तू होय म्हणालीस. "मग हाक ऐकून त्यांना सांगायचं काम तुमचं होतं?" होय. "त्या संध्याकाळी घरात काय चालू होतं?" मिक्सर. "म्हणजे हाक आली असती तरी तुम्हाला ऐकू आली नसती?" पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस. मग म्हणालीस, नसती. मी पिंजऱ्यात उभा होतो, तुझ्यापासून चार हातांवर. तुझ्याकडे बघितलं नाही. सदोष मनुष्यवधाचं मोठं कलम त्या एका शब्दाने गळालं. एक वर्षावर सुटलो.

अक्का, मी कुकारो घातलाच नव्हता.

एकही नाही. हळू नाही, लांबून नाही, वाऱ्याने गेला असंही नाही. घातलाच नाही.

का ते ऐक, कारण का ते त्याहून लाजिरवाणं आहे. जत्रेसाठी मुंबईची माणसं आली होती. आपल्या वाडीतला जितेंद्र त्याच्या मुंबईच्या चुलत बहिणीला, दीपिकाला, मागे बसवून गाडी घेऊन आमच्या मेरेपाशी थांबला होता. शाळेच्या ग्राउंडवर फायनल होती. "चल रे, थंय टॉस झालो आसतलो," असं ओरडत होता. बाबांनी मला तारेत वीज सोडायला पाठवलेलं. मी मेरेवर चढलो, तोंडापाशी हात नेले, आणि ती माझ्याकडे बघत होती. पांढरे बूट घातलेली मुलगी. मला लाज वाटली. गावठी माणसासारखं हात तोंडाला लावून बोंबलायचं, आणि मग उत्तरासाठी उभं राहायचं, तिच्यासमोर. मी हात खाली घेतले, केसांवरून फिरवले, जसं काही त्यासाठीच वर नेले होते. बटण दाबलं आणि गाडीवर जाऊन बसलो. ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. पुढे कधी भेटलीही नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कुकारो घातलंस?" मी म्हटलं, "घातलंय." पुढे वकिलाने विचारलं, तेव्हा तेच म्हटलं, आणि ‘उत्तर आल्यासारखं वाटलं’ हे त्याने वर जोडून दिलं. कोर्टाने विचारलं, तेव्हा तेच. एकदा म्हटलेलं मोडवेना. तुझा मिक्सर त्यात बरोबर बसला आणि मी बसू दिला. सात वर्षं वाडी म्हणते की दाजी बहिरो म्हणान गेलो आणि त्याच्या चेडवाचा लक्ष नाय म्हणान गेलो. मी ते माझ्या कानांनी ऐकलंय, देवळाच्या पायरीवर, आणि मान खाली घालून पुढे गेलोय. तुझं ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हाही लोक काय बोलले ते मला माहीत आहे. तुझ्याकडे माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

गेल्या रविवारी गावी जाऊन बाबांना सांगितलं. तुमच्या घरावरून गेलो, पाट्याचा आवाज येत होता. बाबांनी ऐकून घेतलं. जेवले नाहीत. मी निघालो तेव्हा अंगणात पाठमोरे उभे होते.

फॉर्मचं सांगतो. आधी मनात आलं की तुझं उत्तर येईपर्यंत पाठवायचा नाही, शेवटची तारीख तीस आहे. मग वाटलं, हे पण तुझ्यावरच टाकणं झालं, आणि तुझ्यावर टाकलेलं पुरे झालं. बुधवारी संध्याकाळी पाठवून टाकला. त्या चौकटीत पाठ असलेलं वाक्य लिहिलं नाही. लिहिलं, ‘मी पूर्वसूचना दिली नव्हती. न्यायालयात खोटं सांगितलं. मयताच्या मुलीचा यात काहीही दोष नव्हता.’ फोनवरच्या बाईंना ते वाचून काय वाटेल कोण जाणे. घेतील असं मला वाटत नाही. निकालात एक आणि अर्जात दुसरं, असा माणूस कोण घेईल? मला भीती वाटते, अक्का, खूप वाटते. पण ‘सबमिट’ दाबण्याआधी या वेळी मी थांबलो, पुन्हा वाचलं, मग दाबलं.

त्या अर्जाची प्रत सोबत आहे. खाली माझी सही आहे, तारीख आहे. तुझी आहे ती. कोर्टात ने, देवळात वाचून दाखव, नाहीतर चुलीत घाल. मी नाही म्हणणार नाही.

बुधवारी दाजी बाकड्यावर होते. फॉर्म गेल्यावर मी बाहेर जाऊन त्यांना मोठ्याने सांगितलं, चहावाला बघत राहिला. त्यांनी पंजा खाली घेतला नाही. विद्यापीठाला सांगून त्यांना काय, ते तर तुझ्यासाठी बसलेत. म्हणून हे पत्र.

एकच मागणं आहे. माळ्यावरून मिक्सर खाली काढ. पूस, तार उंदरांनी कुरतडलीय का बघ, आणि तिन्हीसांजेला लाव. पाहिजे तेवढा वेळ लाव. त्या संध्याकाळी तू मिक्सर लावला नसतास, खळ्यात कान देऊन उभी असतीस, तरी तुला काही ऐकू आलं नसतं.

ज्याने कुकारो घातला नाही, तो
सर्वेश