बाबाच्या नावचं दूध

हैदराबाद, रविवार

माय,

तुह्या पायावर डोकं ठेवून लिहून राह्यलो. मी इथं मजेत आहो. फोनवर तू ‘बरी आहो’ म्हणते अन् लगेच ठेवून देते, म्हणून हे पत्र.

श्रुतिकाताई तुले बालाघाटच्या डॉक्टरकडे घेऊन गेलती, ते तिनं सांगितलं. रक्तात बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं. बाबा गेल्याचं दुःख आहेच, पण मन असं विझून जाण्यात या कमीचाही हात असू शकते, म्हणे. आपल्या घरी अंडं-मासोळी नाही, जे मिळे ते दुधातूनच.

अन् ते दूध मीच सोडवलं. गयेले पिंडदान झाल्यावर पंडा म्हणाला, बाबाच्या नावानं आवडती एक वस्तू सोडा. तू गोंधळली, तर मीच म्हटलं, “माय, तू दूध सोड.” मी सोडला फणस, जो मले कधी आवडलाच नाही.

मग वर्षभर तू ओसरीत गप बसून राहे, अन् मी फोनवर डाफरत होतो, “किती दिवस रडशील? कामात मन लाव.”

इंजेक्शन घेते ना? कपिली गाय दूध देते ना अजून?

बाबाच्या नावचं दूध आजपासून तुह्या जागी मी सोडलं. मले काही होणार नाही, मी इथं मेसमध्ये अंडी खातो. तुले सांगायची हिंमत नव्हती. आता कपिलीचा पहिला पेला तू पी.

फणस सोडणारा तुहा लेक,
हेमराज