पांढरा साका

सोलापूर, ता. ६ नोव्हेंबर १९३१

चि. सौ. जगदेवी हिस गुरुलिंगचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र चुलीपाशी मोठ्याने वाच. वळसंगच्या घरातल्या बायांनो, तुमचे तोंड सुजले की तुम्हाला औषध मिळत नाही, अंगारा मिळतो. आमच्या आईलाही तोच मिळाला. वडिलांची मेलेली पहिली बायको तिच्या अंगात आली म्हणून तिला लिंबाच्या फोकांनी झोडले. पंधरवड्यात ती गेली.

जगदेवी, तू लिहितेस की पहाटे आरशात पाहिले तर आईचे तोंड दिसले. तेच बुजलेले डोळे, तेच चकाकणारे गाल. ती तुला न्यायला आली आहे म्हणतेस. बाई, आई लेकीला न्यायला कशाला येईल? पण वाचून मीही आमच्या घरातला आरसा पालथा केला, हे कुणाला सांगू नकोस.

इथल्या डॉक्टरांकडे काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा आहे. लघवी तापवूनही स्वच्छ राहिली तर ठीक. फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका धरला तर मूत्रपिंडे बिघडली, रक्तातले सत्त्व गळते आहे. सकाळची पहिली लघवी धुतलेल्या बाटलीत भरून गाडीवान येडूच्या हाती पाठव. लोभ आहेच, तो भाषणापुरता समजू नकोस.

तुझा अण्णा
गुरुलिंग

वळसंग, ता. ९ नोव्हेंबर

ती. गुरुलिंगअण्णास जगदेवीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून दाखवले. सासूबाई बसम्मा म्हणाल्या की तुझा भाऊ चुलीपाशीसुद्धा सभा भरवतो, भाकरी करपली की! बाटली द्यायला मात्र त्या तयार नव्हत्या. अंगातले पाणी परक्या हाती गेले की त्यावर करणी होते म्हणतात. कापलेली नखंही त्या पुरून टाकतात. शेवटी मी भरलेली बाटली त्यांनीच फडक्यात बांधून येडूला दिली. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
जगदेवी

सोलापूर, ता. १२ नोव्हेंबर

चि. सौ. जगदेवी हिस आशीर्वाद.

साका धरला. डॉक्टरांनी आम्लाचे थेंब टाकले तरी विरला नाही, म्हणजे तो रक्तातल्या सत्त्वाचाच. त्या पांढऱ्याकडे पाहताना मला लिंबाच्या फोकांचा आवाज ऐकू आला. मीठ बंद कर, दूध घे. डॉक्टर म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही. धीर सोडू नकोस.

गुरुलिंग

वळसंग, ता. १४ नोव्हेंबर

ती. अण्णास शि. सा. नमस्कार.

रागावू नकोस. ती बाटली माझी नव्हती. तुझे पत्र वाचून दाखवताच सासूबाईंनी कबूल केले. म्हणाल्या, तुझी बाटली गोठ्यामागे ओतली आणि माझी भरून पाठवली. करणी झालीच तर म्हातारीवर होऊ दे, पोरीवर नको.

आता त्यांना आनंदच झाला आहे. पांढरे पडले ती करणी, ती आपण अंगावर घेतली, सून सुटली, असे साऱ्या आळीत सांगतात. मांत्रिकालाही बोलावणे गेले आहे. काल मी त्यांचे पाय पाहिले. जोडवी सुजेत रुतली आहेत. लुगड्याच्या काठाखाली कुणी कधी पाहिलेच नव्हते.

आणि अण्णा, आज पहाटेही आरशात आई होतीच.

तुझी
जगदेवी

सोलापूर, ता. १६ नोव्हेंबर

चि. सौ. जगदेवी हिस आशीर्वाद.

हे सासूबाईंच्या पायांशी बसून वाच.

बसम्मा, माझ्या बहिणीसाठी तुम्ही केलेत ते माझ्या आईसाठी कुणी केले नाही. म्हणून हात जोडून सांगतो. तो साका करणीचा नाही. बाटली भरण्याआधीच तो आजार तुमच्या पायांत होता. आणि सुनेचे तुम्ही काही अंगावर घेतलेले नाही. तिच्या अंगात काय आहे ते अजून कुणालाच ठाऊक नाही. ते गोठ्यामागे मातीत मुरले.

मांत्रिक आला तर ओसरीवर बसू द्या, येडूची गाडी आधी निघू द्या. लोभ मागत नाही, बाटल्या मागतो. दोन. एकीला तुमच्या लुगड्याची चिंधी बांधा, दुसरीला जगदेवीच्या. उद्या पहाटे, आरशाकडे जाण्याआधी, एकमेकींच्या समोर भरा आणि पाठवा.

गुरुलिंग