घोडीजवळ मोठ्यानेच बोला

बाबा,

एक गाय विताना अडली आहे, म्हणून घाईत निघालेय. घोडीच्या पायाची पट्टी बदलली आहे, ती ओली होऊ देऊ नका. औषध भिजवलेल्या कोंड्यात कालवून ठेवलंय. तिने तोंड फिरवलं तरी घमेलं उचलू नका, खाईल हळूहळू.

आणखी एक. "घोडीजवळ आरडाओरडा करू नका," असं मी परवा तुमच्यावर खेकसले. तेव्हापासून तुम्ही तिच्याकडे मुकाट्याने जाता. आज मीही तशीच, पाय न वाजवता, तिच्या आंधळ्या डोळ्याच्या बाजूने गेले. लाथ थोडक्यात हुकली! बिचारी थरथर कापत होती. तेवढ्यात तुम्ही अंगणातून पेपरवाल्याला हाक मारलीत आणि तिने कान टवकारले, मान खाली घातली, शांत झाली.

तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता. पण न दिसणाऱ्या बाजूने कोण येतंय, ते तिला त्या आवाजावरूनच कळत होतं. आधीच्या मालकाच्या तावडीतून सोडवून आणली तेव्हा ती सावलीलाही बिचकायची. तुमच्या हाकांनीच ती सावरली, बाबा.

तेव्हा फाटकापासूनच तिला हाका मारत जा. आणि घरातही बोला हो. परवापासून घर नुसतं खायला उठलंय.

तुमची सून