मधल्या खोलीतून जाणारी वाट

मी, खाली सही करणारी, जलखात्याच्या नकाशा विभागातून निवृत्त झालेली आणि गावात नकाशेबाई म्हणून ओळखली जाणारी, आज मन स्वच्छ आणि स्मरण शाबूत असताना, कोणीही भरीस न घालता, किंबहुना सगळे नको नको म्हणत असताना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण गुडघे मृत्युपत्राच्या आड येत नाहीत, असे वकीलसाहेब म्हणाले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मनातल्या मनात मात्र अनेकदा केला आहे, आणि दर वेळी तो लिहिता लिहिता मला झोप लागली आहे.

कलम एक. माझे राहते घर. हे घर बुजवलेल्या कालव्यावर उभे आहे, हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे वेडेपणाचे वाटेल. माझे यजमान कालव्यावर देखरेखीला होते. रोज सकाळी सायकलवरून काठाकाठाने तलावापर्यंत जायचे आणि परत यायचे. पुढे नळ आले, कालवा बंद झाला, गावातला तुकडा भरून त्याचे भूखंड पाडले. यजमानांनी त्यातला हाच भूखंड घेतला, कारण इथूनच आपले पाणी जात होते, असे त्यांचे म्हणणे. घर बांधताना मागचे दार आणि पुढचे दार त्यांनी एका ओळीत ठेवले. मागच्या दाराशी उभे राहिले की मधल्या खोलीतून थेट समोरचा रस्ता दिसतो. पाहुण्यांना ते खटकायचे. मला सवय झाली.

कालवा बंद झाल्यावरही यांची फेरी चालूच राहिली. मी म्हणायचे, "अहो, पाणी नाही तिथे आता बघता काय?" तर म्हणायचे, "कालवा बंद झालाय गं, सकाळ थोडीच बंद झालीय." त्यांच्या चाकांनी गवतात एक रेघ पडली. त्या रेघेवरून आधी गावचा शिंपी फिरायला जाऊ लागला, मग शाळेतल्या बाई, मग बाकीचे. हे गेले तेव्हा रेघ चांगली रुळलेली होती. गवतात ती बुजू नये म्हणून आम्ही काही जणांनी वाट समिती काढली. नकाशा मी काढला. झुडपे तोडली, मुरूम टाकला, रोलर फिरवला, बाकडी बसवली. आज गिरणीपासून तलावापर्यंत माणसे चालत जातात, सायकलवरून जातात, आणि बायका वाटेत ज्या गप्पा मारतात त्या घरी कोणालाही कळत नाहीत.

फक्त आमच्या मागच्या दाराशी वाट येते आणि थांबते. पुढच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, ती पुन्हा सुरू होते. मधे आमचे घर. लोकांना गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागून, ट्रक चुकवत वळसा घालावा लागतो. त्याच वळशावर शिंप्याचा पाय ट्रकच्या चाकाखाली आला. माणूस वाचला. आता त्याने शिलाई मशीनला मोटर बसवली आहे आणि वाटेवर तो येत नाही.

कलम दोन. धाकटे दीर, म्हणजे आमचे शेजारी. घराच्या डाव्या अंगाने हातभर रुंदीची वाट द्या म्हणून मी त्यांच्याकडे किती खेटे घातले, ते त्यांना ठाऊक आहे. दर वेळी तेच उत्तर. "वहिनी, आज सायकली येतील, उद्या अख्खं गाव माझ्या मोरीत डोकावेल." त्यांच्या मोरीत डोकावण्यासारखे काय आहे, हे मला अजून उमगलेले नाही. तर माझी लोखंडी शिडी, जी त्यांनी नेली आणि नेलीच नाही म्हणून सांगतात, ती मी त्यांना देत आहे. आता तरी ती उजळ माथ्याने बाहेर काढावी. तिचा राग मी सोडला. मोरीचा सोडलेला नाही.

उजव्या अंगाला लाकडाची वखार आहे. वखारवाल्याने मात्र खरे कारण दिले. त्याची करवतीची मशीन भिंतीलगत जमिनीत गाडलेली आहे, ती हलवायची तर वखारच हलवावी लागेल. त्याच्यावर माझा राग नाही. करवतीच्या आवाजात माझ्या कितीतरी दुपारच्या झोपा झाल्या. मधल्या खोलीतले सागवानी कपाट त्याला द्यावे. त्याच्याच लाकडाचे आहे, तो बघताक्षणी ओळखेल.

कलम तीन. आता मुख्य गोष्ट. वाट घराच्या डावीकडून जात नाही आणि उजवीकडून जात नाही, तर ती घरातून न्यावी. मागच्या दारातून आत, मधली खोली ओलांडून, पुढच्या दाराने बाहेर. मी ही गोष्ट समितीच्या बैठकीत बोलले तेव्हा सगळे हसले, आणि मी हसत नाही हे बघून गप्प झाले. समितीतले इंजिनिअर म्हणाले, "काकू, तुम्ही घरात असताना तुमच्या अंगावरून सायकली न्यायच्या का आम्ही?" मी म्हटले, मी नसताना न्या.

मला हे सुचले ते झोपेत. दुपारी मधल्या खोलीत आडवी झाले की डोळा लागता लागता मुरमावरून चाके आल्याचा आवाज येतो. मागच्या दारातून ऊन आत शिरते, त्यामागून माणसे. शाळेतल्या बाई जातात, कोणाची तरी नात घंटी वाजवत जाते. माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि मलाही कोणाला हटकावेसे वाटत नाही. छतावर चाकांच्या सावल्या फिरतात. खोलीला भिंती असतात आणि नसतातही. कधी कधी हेही जातात, पायात चप्पल न घालता, एका हाताने सायकल धरून, आणि दाराशी थांबून म्हणतात, "पुढे होतो गं." मी हो म्हणते. जागी होते तेव्हा दोन्ही दारे उघडी असतात आणि वारा आरपार जात असतो. हे स्वप्न पडते त्या दिवशी मी फार सुखात असते, हे इथे लिहून ठेवते.

म्हणून मी असे ठरवते. मागच्या आणि पुढच्या दाराची पाने काढावीत, उंबरे उखडावेत. मधल्या खोलीची जमीन वाट समितीला द्यावी. वरचे छप्पर तसेच ठेवावे, पावसात लोकांना थांबायला होईल. बँकेत माझे जे काही असेल ते या कामाला आणि छपराच्या डागडुजीला लावावे. स्वयंपाकघर, वरचा माळा आणि देवळीची खोली ही माझ्या लेकीची, कुलूपकिल्लीसकट. यजमानांची सायकल समितीकडे राहावी, कोणालाही चालवू द्यावी. रंगवू नये.

कलम चार. माझी लेक. ती लांब राहते. मी हे सगळे तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आई, माझं माहेर मोडतेयस तू." मी म्हटले, दोन खोल्या आणि माळा ठेवलाय ना तुला. ती म्हणाली, "माहेराला मधली खोली लागते." वाट मला हवी आहे आणि लेकही हवी आहे. दोन्हींपैकी एक निवडा म्हणाल तर मी हा कागद आत्ता फाडीन.

तरी कागद पुढे का लिहिते, ते सांगते. आमच्या समितीचा एक रिवाज आहे. ज्याची जमीन, त्यानेच घमेल्यात चुन्याची फक्की घेऊन आपल्या जमिनीवर रेघ ओढायची. त्या रेघेवरूनच वाट जाते, मग ती कितीही वाकडी असो. कोणी विहिरीला वळसा घातला, कोणी भाजीच्या वाफ्याला. एका बाईने तर उन्हात झोपलेल्या कुत्र्याला उठवायचे नाही म्हणून त्याला वळसा घातला. कुत्रे केव्हाच गेले, वाट अजून तिथे वळते. इंजिनिअरसाहेब दर वेळी डोक्याला हात लावतात. पण देणाऱ्याच्या हाताची रेघ मोडायची नाही, हे ठरलेले आहे. आता मेलेल्या माणसाला फक्की टाकता येत नाही. म्हणून ती मला जिवंतपणीच टाकायला हवी, आणि ती मी आज, साक्षीदारांसमोर टाकणार आहे. एवढे लिहून मी उठते. बाकीचे नंतर लिहीन.

कलम पाच. हे दुपारनंतर लिहीत आहे. अक्षर बिघडले असल्यास हाताला चुना आहे.

लेक काल आली. रात्री जेवली, झोपली. सकाळी मी घमेले काढले तेव्हा ती मागच्या पायरीवर पाठ करून बसली होती. वखारवाला आणि शिंपी साक्षीदार म्हणून भिंतीशी उभे होते. शिंपी कुबडी घेऊन मोठ्या रस्त्यानेच आला, दुसरा रस्ताच नाही त्याला. मी मागच्या दारातून फक्की सोडायला सुरुवात केली. उंबरा ओलांडला. फरशीवर पांढरी रेघ फार छान दिसते. मी अगदी सरळ चालले होते, जन्मभर सरळ रेघा ओढल्या आहेत. पलंगाशी आले आणि कंबर अडकली. खाली वाकवेना, वर उठवेना. वखारवाला पुढे आला. मी त्याला थांबवले, रिवाजात त्याचा हात चालत नाही.

तेवढ्यात लेक उठली. तिने माझ्या हातातले घमेले घेतले. बाकीचे घर उद्या तिचेच व्हायचे आहे, तेव्हा तिचा हात चालतो, हे मी साक्षीदारांना मोठ्याने सांगितले. ती पलंगासमोर उभी राहिली. सरळ गेली असती तर रेघ पलंगाखालून गेली असती, आणि नकाशात मी तशीच काढली आहे. तिने मान हलवली.

"इथून नाही," ती म्हणाली. "इथे तू झोपतेस."

मी म्हटले, "अगं, तेव्हा मी नसेन ना."

"म्हणून काय झालं? तुझ्या अंगावरून मी कुणाला जाऊ देणार नाही." आणि रडत रडत तिने पलंगाला वळसा घालून, भिंतीच्या कडेने, पुढच्या दारापर्यंत रेघ नेली. रस्त्यावर घमेले झटकले. शिंपी कुबडीवरून वाकून ती रेघ बघत राहिला. मग तो मागच्या दाराकडून पुढच्या दाराकडे सावकाश चालत गेला, रेघेवरूनच, वळणासकट.

म्हणून माझी शेवटची इच्छा अशी. मधल्या खोलीतले ते वळण कोणीही सरळ करू नये. इंजिनिअरसाहेबांनीही नाही. सायकलवाल्यांना तिथे हळू व्हावे लागेल, तर व्हावे. वकीलसाहेब सांगतात की जिला घरातला वाटा मिळायचा आहे, तिची साक्षीदार म्हणून सही चालत नाही. ठीक आहे. मग ते वळण हीच माझ्या लेकीची सही समजावी.

सही: नकाशेबाई

साक्षीदार:
१. वखारवाला, उजव्या अंगाचा शेजारी
२. गावचा शिंपी, आता पुढच्या दाराने घरी जाणार

ठिकाण: राहते घर, मधली खोली
दिनांक: मुद्रांकावर आहे तोच, फक्की अजून कोरडी असताना