सईच्या साखरपुड्यात मी वाजवणारच

पडेगाव, मंगळवार

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या सरोजिनीचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींचं बीपी ठिकाणावर असेल, अशी आशा आहे. (माझं काहीच ठिकाणावर नाही, हे तुम्ही गुरुवारी वैजापूरला सगळ्यांदेखत सांगितलंच आहे.) फोन न करता पत्र का, ते शेवटी लिहिते.

तुमच्या नातीनं, सईनं, साखरपुड्यात सॅक्सोफोन वाजवायला मला बोलावलं. तुम्ही म्हणालात, "आपल्या घरातल्या बायका सोयऱ्यांपुढं भोंगे वाजवत नाहीत." मी मोरीत होते, तिथूनच तडक एसटी स्टँड गाठलं.

दादा, तो भोंगा नाही, सोप्रानो सॅक्सोफोन आहे. दिसायला सनईसारखा सरळ, अंगानं पितळी, पण फुंकायच्या टोकाला रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी असते म्हणून गणती लाकडी वाद्यांत होते. (कूळ अंगावरून ठरत नाही, हे तुम्हीही लक्षात घ्या.) नळी वर बारीक, खाली रुंद होत जाते आणि शेवटी जे तोंड उघडतं त्याला बेल म्हणतात. अंगावर वीसेक चाव्या. चावीखाली चामड्याची गादी, ती भोकावर घट्ट बसली तरच सूर धरतो. उजवा अंगठा सगळं ओझं पेलतो, डावा मागची चावी दाबून सूर सप्तकभर वर नेतो. रीड माउथपीसच्या खालच्या अंगाला पट्ट्यानं आवळायची. मी पहिल्या दिवशी ती वरच्या अंगाला बांधली आणि घेरी येईपर्यंत फुंकत बसले. शेजारच्या कडूबाई साखरपाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, एवढ्या हवेत ट्रॅक्टरचं चाक भरलं असतं की."

आता मात्र येतं. खालचा ओठ रीडखाली, वरचे दात माउथपीसवर. दात पक्के टेकले की सूर हलत नाही. चार महिने घासून तीन गाणी बसवली आहेत. तेहतीस वर्षं कचेरीत मान खाली घालून टाइप केलं, घरी तुमचं ऐकलं. एकसष्टाव्या वर्षी एका पोरीनं मला हौसेनं बोलावलं आहे आणि मला वाजवायचं आहे. वीस तारखेला मी येणार, सगळ्यांसमोर उभी राहणार आणि वाजवणार. तुमची परवानगी मागत नाही.

तुमची (अजून तरी) बहीण,
सरोजिनी

ता. क. तुमच्या मोरीच्या खिडकीत, स्टीलच्या वाटीत, माझी वरची कवळी राहिली आहे. धुवायला काढली होती, तेवढ्यात तुम्ही भोंगा म्हणालात. फोन केला असता, पण माझं बोलणं तुम्हाला कळलं नसतं.

आणखी एक ता. क. ती वाटी वहिनींवर ढकलू नका, त्या दिवशी तुम्हीच हातानं आणून द्या. नाही दिलीत तरी मी येणारच. वाजवता येणार नाही, म्हणून सोयऱ्यांसमोर पहिल्या रांगेत बसून दिवसभर हसेन.