माल्ट्याच्या पेट्या

मुंबई, ८ जानेवारी १९८७

ती. सौ. नलूताईस, गुलाबचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तू गावात मला साहेब म्हणून मिरवतेस, पण गोदीत परदेशातून आलेली फळं कीड तपासायला कापून कापून माझ्या अंगाला कुजका वास लागला आहे.

आज पत्राचं कारण वेगळं. आपली संत्री घेणारे आर्वीचे भैयाजी, त्यांनी बोटीनं माल्टा, ते मोसंबीसारखं परदेशी फळ, मागवला. परदेशी फळ आणायला आधी इथली परवानगी लागते आणि तिथल्या सरकारचा कीड नसल्याचा दाखला. त्यांचा दाखला जुन्या मालाचा निघाला. फळं कापली तर आत अळ्या वळवळत होत्या. या अळ्या ज्या फळमाशीच्या, ती आपल्याकडे नाही. असा माल परत पाठवायचा किंवा जाळायचा, एवढाच नियम आहे. भैयाजी परत पाठवायला तयार नाहीत. माल सोड म्हणून आधी हात जोडले, मग म्हणाले, तुह्या बहिनीची बाग आमच्याच रस्त्यावर हाये.

भाऊजींना बागेत एकटं जाऊ देऊ नकोस. या धाकट्या भावाची आठवण ठेव.

तुझा गुलाब

रोहणा, १९ जानेवारी

चि. गुलाबले नलूताईचा आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं, पण उशीर झाला होता. संक्रांत झाली आन दुसऱ्याच दिवशी भर दुपारी भैयाजीचे मानसं कुऱ्हाडी घेऊन बागेत शिरले. तुह्या भाऊजीले झाडाले बांधलं आन त्याहिच्या डोयासमोर संत्र्यानं लदलेली अर्धी बाग पाडली. ते शिव्या देऊन राह्यले, तं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याहिचा हात मोडला.

मी धुऱ्यावर गवत कापत होती. वरडनं आयकून धावली. पाह्यतो तं त्यात आपला जुना गडी डोमाजी. हे झाडं त्यानंच आपल्यासंगं लावले होते. मी म्हनलं, डोमाजी, तू काऊन? त्यानं कुऱ्हाड उचलली. माह्या हातातला इळा त्याच्या कानावर बसला. कान खाली पडला. रगत पाहून बाकीचे पयाले.

आर्वीले फिर्याद देली. माह्यावरही केस झाली. भैयाजीचा निरोप आला का पेट्या सुटल्या नाई तं उरलेली बागही ठेवत नाई.

आजवर तुले काई मागतलं नाई. माल सोडून दे, गुलाब. भाऊजीले हे कळवू नको.

ताईवर माया असन तं आता दिसू दे.

नलू

मुंबई, ६ फेब्रुवारी

ती. नलूताईस, गुलाबचा नमस्कार.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. तुझं पत्र खिशात घेऊन मी माल सोडायचा शिक्का उचलला होता. माझे वरचे साहेबही म्हणाले, मार शिक्का आणि मोकळा हो. मी आणखी एक फळ कापलं. तीच अळी. ही आर्वीत पोचली तर रोहण्यात कोणाचंच फळ हाती लागणार नाही, असं वाटलं. मी पेट्या भट्टीत घातल्या आणि जळेपर्यंत उभा राहिलो.

गोदीच्या फाटकाबाहेर भैयाजींच्या दोघा माणसांनी मला धरलं. तिसऱ्यानं गोणी ओढायचा लोखंडी आकडा तोंडावर मारला. डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणतात, दुसरा वाचेल.

तुझं ऐकलं नाही, ताई. रागाचं का होईना, एक पत्र पाठव.

गुलाब

रोहणा, ९ मार्च

चि. गुलाबले आशीर्वाद.

बाग गेली. गेल्या महिन्यात भैयाजीच्या मानसायनं उरलेले झाडं कापून राकेल टाकून पेटवले. म्हनून लिवलं नाई.

डोमाजी कानाले पट्टी बांधून आर्वीच्या पोलीस ठाण्यात गेलता. आमाले बागेत भैयाजीनंच पाठवलं, असं त्यानं सांगतलं. भैयाजी आता जेलात हाये. डोमाजीची बायको तानाबाई माह्या दारात येऊन रडली. मी तिले पानी देलं आन आत गेली.

तुये भाऊजी मोडक्या हातानं दुसऱ्याच्या बागेत राखनीले जातात. म्हनतात, गुलाबनं बराबर केलं, गावचे झाडं उभे हायेत. मी बागायच्या रस्त्यानं जात नाई. दुसऱ्याहिची बाग फुललेली पाह्यली का मले तुया राग येते. मंग तुया डोया आठवते, आन जेवन जात नाई.

सुट्टी घेऊन येजो. वाटीन तेवढे दिवस राहजो. मी तुले ताट वाढीन, डोयात औषध टाकीन. फक्त तू बराबर होता, हे माह्या घरात कोनी मले सांगू नये. तूही नाई.

वाट पाहून राह्यली,
नलूताई